जुन्या टीव्हीतले आणि पॉप संगीतातले भन्नाट क्षण: खान्देशातून शोध कसा सुरू करावा

एकदा लागून गेलेला कार्यक्रम कधीही परत बघता येतो, ही सवय आपल्याला फार अलीकडची आहे. व्हिडिओ टेप महाग होती तेव्हा जगभरच्या वाहिन्या जुनी टेप पुसून तिच्यावरच नवा कार्यक्रम घेत. बीबीसीने 'डॉक्टर हू' मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच गमावले. तरी त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो टिपून ठेवला होता. १९६६ मध्ये बीटल्स 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात आले, त्याचीही मूळ टेप उरली नाही. कुणीतरी घरच्या ८ मिमी कॅमेऱ्याने टीव्हीच्या पडद्यावरूनच टिपलेले काही सेकंद मात्र २०१९ मध्ये सापडले.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची तरुण मुलं-मुली विचारतात, जुन्या दूरदर्शनचा, कॅसेटच्या काळातल्या गाण्यांचा नाद लागलाय, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं असतं. लाखोंनी पाहिलेल्या क्लिपा गोळा करण्यात वर्ष घालवू नका. त्या जाणार नाहीत कुठे. जाणार आहे ते तुमच्या गल्लीतलं: माळ्यावरच्या कॅसेटा, व्हिडिओवाल्याकडच्या टेपा आणि ज्यांनी ते सगळं पाहिलं त्या माणसांच्या आठवणी. या लेखात ते शोधायचं कसं, हाताळायचं कसं आणि त्यातलं खरं किती हे ठरवायचं कसं, एवढंच सांगतो.

आधी नजर तयार करा

शोधाला निघण्याआधी 'भन्नाट क्षण' म्हणजे काय, याची थोडी ओळख हवी. बहुतेक वेळा तो क्षण ठरवून घडलेला नसतो. यंत्राची मर्यादा, घाईगर्दी, नाहीतर कुणाचा तरी हट्ट, यातून तो निघतो.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. स्मिता पाटील यांचं कुटुंब शिरपूरचं. सिनेमात येण्याआधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत. केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालेलं, म्हणजे सगळंच नवं. त्या जीन्स घालून यायच्या आणि बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरूनच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायच्या, हा किस्सा त्यांच्याबद्दल नेहमी सांगितला जातो. वृत्तनिवेदिका टेबलामागे बसते, कॅमेरा कमरेच्या वरचंच दाखवतो, म्हणून हे जमून जायचं. आता याच्या शेजारी अमेरिकेतला ६ जानेवारी १९५७चा एड सुलिव्हन शो ठेवा. एल्विस प्रेस्ली गात होता आणि त्याच्या कमरेच्या हालचालींवरून इतका गदारोळ झाला होता की त्या दिवशी कॅमेऱ्याने त्याला फक्त कमरेच्या वरच दाखवलं. चौकट तीच, कमरेपर्यंतची. एका ठिकाणी तिने एका मुलीला तिच्या मनासारखं वागू दिलं, दुसऱ्या ठिकाणी एका मुलाला दाबून धरलं. जुना कार्यक्रम बघताना चौकटीबाहेर काय असेल हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. निम्मे किस्से तिथेच सापडतात.

दुसरा नमुना १ ऑगस्ट १९७१चा, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांनी मैफल ठरवली होती. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खान आणि अल्लारखा यांनी वाद्यं जुळवली. ते संपताच सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. नुसतं जुळवणं तुम्हाला एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर शांतपणे म्हणाले. हे सगळं ध्वनिमुद्रणात आहे. कुणी 'नकोसा भाग' म्हणून कापलं असतं तर एवढा सुंदर क्षण गेला असता. टेप हातात येईल तेव्हा हे आठवा.

तिसरा, दलेर मेहंदीचा. त्याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर नर्तकींमुळे, अशी टीका व्हायची. त्यावर १९९८ मध्ये त्याने 'तुनक तुनक तुन'चा व्हिडिओ असा काढला की त्यात त्याच्याशिवाय दुसरं माणूसच नाही. चार रंगांच्या कपड्यांतले चारही नाचणारे तोच. हट्टातून निघालेल्या क्षणाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. खान्देशातल्या लग्नाच्या वरातींत बँडवाल्यांनी ही चाल किती वाजवली असेल, हे तुमच्या गावच्या बँडवाल्याला जरूर विचारा.

तुमच्या गावात नेमकं काय दिसत होतं?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुढचं सगळं चुकत जातं.

मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम म्हणजे 'गजरा', 'चिमणराव', 'आमची माती आमची माणसं'. सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या घरांत ते लागत होते म्हणून अमळनेरच्या घरातही लागत होते असं होत नाही. जळगाव मुंबईपासून चारशे किलोमीटर, मध्ये सह्याद्री. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला, पण त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

चित्र पालटलं ते इन्सॅट-१बी उपग्रह १९८३ मध्ये वर गेल्यावर. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं झपाट्याने उभी राहिली आणि जिल्ह्याच्या गावांत टीव्ही आला तो बहुतांशी या लाटेत. या छोट्या केंद्रांचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा. त्याबाहेरच्या गावांत बांबूवर, लोखंडी पाइपावर उंच अँटेना चढायच्या, एक जण छतावर ती फिरवायचा आणि खालून ओरडा चालायचा, 'आलं, आलं... गेलं!' दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही केंद्रं उपग्रहावरून मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम घेत. त्यामुळे खान्देशाच्या पहिल्या टीव्ही-पिढीचं बालपण 'हम लोग', 'चित्रहार', 'बुनियाद' आणि हिंदी बातम्यांवर वाढलं. उपग्रहावरून मराठी वाहिनी मिळाली ती १९९४ नंतर.

मग पारोळ्याच्या एखाद्या आजोबांनी 'आम्ही चिमणराव घरी बघायचो' असं सांगितलं तर? त्यांना खोटं पाडू नका. विचारा, तेव्हा मुंबईला कुणाकडे जात होतात का? पुष्कळदा उत्तर निघतं: मोठा भाऊ गिरणीत होता, दिवाळीला तिकडे जायचो. हे कळलं की आठवण खोटी ठरत नाही, उलट तिला पत्ता मिळतो. टीव्हीच्या इतिहासात कार्यक्रम कोणता यापेक्षा तो कुणी कुठे बसून पाहिला, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

एक धागा धरा आणि तोच ओढा

नवखा माणूस सगळं एकदम गोळा करायला जातो आणि महिनाभरात थकतो. त्यापेक्षा एका माणसाचा धागा धरा. मी बिड्डूंचा सुचवतो, कारण तो तुमच्या घरातल्या कॅसेटांपर्यंत हमखास येतो.

कर्नाटकातून लंडनला गेलेला हा संगीतकार १९७४ मध्ये कार्ल डग्लस या गायकाचं एक गाणं ध्वनिमुद्रित करत होता. मुख्य गाणं झालं, स्टुडिओची शेवटची दहा-एक मिनिटं उरली. तबकडीच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून त्यांनी घाईत 'कुंग फू फायटिंग' उरकलं. मागच्या बाजूचं ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे याच बिड्डूंनी लंडनमध्ये राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. १९८०चा 'कुर्बानी' आला आणि हिंदी सिनेमात तोवर न ऐकलेला आवाज घराघरांत शिरला. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने'. आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं, त्याची चालही त्यांचीच.

आता हा धागा घेऊन भुसावळला, चाळीसगावला फिरा. 'डिस्को दीवाने'ची कॅसेट कुणाकडे होती, कुठून आणली होती, मूळ की दुकानातून भरून घेतलेली? कॅसेट भरून देणारी दुकानं तेव्हा सगळीकडे होती. गिऱ्हाईक गाण्यांची यादी देई, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर भरून देई. त्या हाताने लिहिलेल्या याद्या मिळाल्या तर सोनं समजा. एखाद्या यादीत नाझिया हसनच्या खाली अहिराणी लोकगीत आणि त्याच्या खाली भजन असेल, आणि त्या घराची आवड तुम्हाला एका कागदावर वाचता येईल.

कुणाकडे जायचं, कसं विचारायचं

टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक ही पहिली जागा. त्यांना कुणाकडे कोणता सेट होता हे पाठ असतं. दुसरे लग्नाची शूटिंग करणारे फोटो स्टुडिओवाले. चालू व्हीसीआर आज कुणाकडे असेलच तर त्यांच्याकडे. तिसरे, एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने देणारे. भुसावळच्या रेल्वे वस्तीतली निवृत्त मंडळीही विसरू नका. बदल्यांमुळे त्यांनी वेगवेगळ्या शहरांतला टीव्ही पाहिलेला असतो. आकाशवाणी जळगावचे जुने श्रोतेही भेटतील. फर्माइशीची पत्रं लिहिणाऱ्या माणसाने काहीतरी जपून ठेवलेलं असतंच.

पत्रांवरून दूरदर्शनवरचा 'सुरभि' आठवतो. या कार्यक्रमातल्या प्रश्नांना एका आठवड्यात १४ लाखांच्या वर पत्रं आल्याची नोंद आहे. पंधरा पैशांच्या साध्या पोस्टकार्डांचा असा पूर आला की टपाल खात्याला स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं पोस्टकार्ड काढावं लागलं. तुमच्या ओळखीत कुणी पत्र पाठवलं होतं का, बक्षीस लागलं होतं का, हे विचारायला फार सोपं आणि बोलायला लावणारं आहे.

बोलायला बसलात की यंत्र लगेच समोर ठेवू नका. जिभाऊ, आप्पा, आजी जे म्हणत असाल तेच म्हणा आणि त्यांची भाषा अहिराणी असेल तर अहिराणीतच विचारा. 'तुमना घर टीव्ही कव्हय उना?' (तुमच्या घरी टीव्ही कधी आला?) एवढ्याने सुरुवात होते. मग, 'त्याना पहिले देखाले कोना घर जायेत?' (त्याआधी बघायला कुणाच्या घरी जायचात?) हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा खूप जास्त देतो. कुणाच्या ओसरीवर किती माणसं बसायची, बायका कुठे बसायच्या, कुणाला आत घेत नव्हते, 'रामायण' लागायच्या आधी सेटला हार कोण घालायचं, हे सगळं त्यातून येतं. कुणाला आत घेत नव्हते हे ऐकून विषय बदलू नका. तेही लिहून घ्या.

हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असते, तेव्हा सोबत एक लहान स्पीकर आणि आधीच कॉपी केलेल्या दोन-चार जुन्या कॅसेटींचा आवाज घेऊन जा. चार म्हातारी माणसं एकत्र असली की एकाची आठवण दुसरा दुरुस्त करतो. एकट्या मुलाखतीत हे होत नाही.

कॅसेट हातात आली

इथे घाई करू नका. मिळालेली टेप लगेच वाजवून बघायचा मोह होतोच, पण तीस-पस्तीस वर्षं पडून राहिलेली टेप पहिल्याच फटक्यात तुटू शकते.

खान्देशाचा उन्हाळा हा टेपचा मोठा शत्रू. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं. कॅसेटचं कवच वाकतं, आतला गोंद सुटतो. जुन्या धाब्याच्या घरातल्या कोनाड्यात राहिलेल्या कॅसेटा मला बऱ्याचदा चांगल्या अवस्थेत दिसल्या आहेत. आणताना गाडीच्या डिकीत ठेवू नका, पिशवीत घालून सावलीतून आणा आणि एक दिवस घरात तशीच राहू द्या.

मग कॅसेटच्या मागच्या कडेला बघा. दोन टोकांना दोन छोटे प्लास्टिकचे चौकोनी तुकडे असतात. ते शाबूत असतील तर आधी मोडून टाका. ते मोडले की यंत्राचं रेकॉर्डचं बटण दबत नाही आणि चुकूनही काही पुसलं जात नाही. यानंतर भोकात षटकोनी पेन्सिल घालून दोन्ही बाजूंना थोडं फिरवा. मोकळं फिरतंय का, कुठे अडकतंय का, ते बोटाला कळतं. अडकत नसेल तरच यंत्रात घालून एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे पळवा. त्याने चिकटलेले थर सुटतात.

आवाज अंधुक, बोंगळा येत असेल तर कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध नजर टाका. तिथे तांब्याच्या पातळ पट्टीवर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. कितीतरी जुन्या कॅसेटांत नेमका हाच तुकडा गळून आत पडलेला असतो. यासाठी कॅसेट उघडावी लागते. स्क्रूची कॅसेट असेल तर पाच बारीक स्क्रू असतात, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. कॅसेट टेबलावर सपाट ठेवा, स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ वर उचला, तिरकं अजिबात नाही, नाहीतर टेपचं भेंडोळं उसळून बाहेर येतं. आतमध्ये दोन चाकं, त्यांच्या वर-खाली एकेक गुळगुळीत कागद, कोपऱ्यांत दोन छोट्या फिरत्या पुल्या. हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. टेप कुठून कुठे वळते ते नंतर आठवत नाही. आता सोपा मार्ग असा की कोऱ्या कॅसेटचं कवच असंच उघडायचं, त्यातली टेप काढून ठेवायची आणि जुनी दोन्ही चाकं टेपसकट त्यात बसवायची. नवा नमदा, नव्या पुल्या, एकदम काम. चिकटवलेली, बिनस्क्रूची कॅसेट मात्र पहिल्यांदा स्वतः फोडू नका, मेकॅनिककडे न्या.

यंत्राचं म्हणाल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. तपकिरी डाग यायचे थांबेपर्यंत पुसत राहा. गाणं लहरत असेल, सूर वर-खाली होत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय. तो थोड्या पैशांत बदलून मिळतो. गती बरोबर आहे का ते तपासायला, त्या टेपवरचं एखादं गाणं आज अधिकृतपणे जिथे मिळतं तिथल्या लांबीशी ताडून बघा. चार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं पन्नास सेकंदांत संपलं तर तुमचं यंत्र जोरात पळतंय.

यंत्रातून लॅपटॉपमध्ये घेताना लाइन-आउटवरून (आवाज बाहेर देणाऱ्या भोकातून) वायर काढा, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, फाटका आवाज येतो. शे-दीडशे रुपयांपासून यूएसबीची साउंड कार्डं मिळतात, पण इथे थोडे जास्त पैसे घालून लाइन-इन असलेलं घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आवाजाची काडी लालपर्यंत जाऊ देऊ नका. साठवायचं डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइलीत, तासाला सुमारे ६०० एमबी लागतील. वाटायला एमपी३ वेगळी करा.

आणि कळकळीने सांगतो, मूळ प्रतीत काहीही साफ करू नका. त्या काळी 'चित्रहार' लागला की टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरसमोर ठेवून गाणी भरली जायची. त्यात गाण्याच्या मध्येच कुकरची शिट्टी असते. दारावर कुणीतरी हाक मारतं. आई 'गप बसा रे' म्हणून दटावते, एक मूल खोकतं, वीज जाते आणि गाणं अर्ध्या ओळीवर थांबतं. गाणं तर कुठेही मिळेल. ती हाक, तो दटावणीचा आवाज जगात दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नाही. नको असलेला आवाज काढून टाकणारं सॉफ्टवेअर नेमकं हेच पुसतं.

व्हिडिओ टेप आणि तबकड्या

व्हीएचएसच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बुरशी. पावसाळ्यातल्या ओलीने टेपच्या कडेवर पांढरी भुकटी धरते. टेपच्या कवचावरच्या पारदर्शक खिडकीतून टॉर्च मारून गुंडाळीकडे बघा. पांढरं दिसलं तर ती यंत्रात घालायचीच नाही, एका टेपची बुरशी हेडवरून पुढच्या दहा टेपांना लागते. अशी टेप वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडेच द्या. स्वच्छ असेल तर पिवळी-लाल-पांढरी वायर आणि यूएसबी कॅप्चर कार्ड एवढ्यावर काम होतं. सॉफ्टवेअरमध्ये 'पाल' (PAL) ही टीव्हीची पद्धत निवडा. आपल्याकडे सेकंदाला २५ चौकटींची तीच पद्धत होती.

तबकड्यांमध्ये एक खास गोष्ट शोधा. ब्रिटन-अमेरिकेत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मागे पडल्या तरी आपल्याकडे साठच्या दशकात त्या निघत राहिल्या, कारण अनेक घरांत अजून चावीचे ग्रामोफोन होते. त्यामुळे बीटल्सची गाणी भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरही निघाली, आणि जगभरचे संग्राहक आज त्या शोधत फिरतात. भंगारवाल्याकडे लाखेच्या जड तबकड्यांचा गठ्ठा दिसला तर एकेक लेबल वाचल्याशिवाय उठू नका. या तबकड्या काचेसारख्या फुटतात; आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि एलपीची सुई त्यांना चालत नाही, जाड सुई लागते.

खरं की ऐकीव?

आठवणीला तारीख लावायला मोठ्या घटनांचे खुंटे वापरा. २५ जून १९८३ला भारताने विश्वचषक जिंकला. ३१ ऑक्टोबर १९८४ला इंदिरा गांधींची हत्या झाली, त्यानंतरचे दिवस अनेकांनी शेजाऱ्याच्या टीव्हीसमोर काढले. 'रामायण' २५ जानेवारी १९८७ला सुरू झालं, 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ला. 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा १५ ऑगस्ट १९८८ला लागलं. सुरुवात पंडित भीमसेन जोशींच्या आवाजाने, चालीत अशोक पत्कींचा हात. 'टीव्ही आला तेव्हा महाभारत लागायचं की संपलेलं?' असं विचारलं की सालाचा अंदाज आपोआप निघतो.

टेपवर मध्ये जाहिरात, बातमी, क्रिकेटचा धावफलक सापडला तर तारीख आणखी पक्की होते. छापील कॅसेटच्या कागदावर वर्तुळात 'पी' अक्षर आणि शेजारी साल असतं. ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याचं साल. घरात पोस्टाचं टीव्ही परवान्याचं पुस्तक सापडलं तर फारच छान. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे परवाने लागत. कार्यक्रमांच्या वेळा ताडायला जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली बघाव्यात. जळगावच्या व. वा. जिल्हा वाचनालयापासून चौकशी सुरू करा, आणि ग्रंथपालांना नेमका महिना सांगा, 'जुने पेपर बघायचेत' असं मोघम म्हणू नका.

एक कसोटी मी प्रत्येक नवख्याला देतो. कपिल देवने १८ जून १९८३ला झिम्बाब्वेविरुद्ध टनब्रिज वेल्सला नाबाद १७५ धावा केल्या. त्या सामन्याचं टीव्ही चित्रीकरणच झालेलं नाही. तरी 'मी ती खेळी टीव्हीवर पाहिली' असं मनापासून सांगणारी माणसं तुम्हाला भेटतील. ती खोटं बोलत नसतात. रेडिओवर, पेपरात, नंतर कितीतरी गप्पांत ती खेळी इतक्यांदा अनुभवलेली असते की डोळ्यांसमोर चित्र तयार होतं. असं विधान आलं की वाद घालायचा नाही. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि खाली वेगळ्या ओळीत वस्तुस्थिती.

टीव्हीने दाखवलं म्हणजे खरं, हेही धरून चालू नका. १ एप्रिल १९५७ला बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने स्वित्झर्लंडमध्ये झाडांवरून स्पॅगेटी तोडत असल्याचं गंभीर निवेदनासह दाखवलं होतं, आणि झाड कसं लावायचं असं विचारणारे फोन आले होते.

नोंद आणि हक्क

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या, तोच क्रमांक फाइलच्या नावात आणि वहीत. वहीत एवढं असावं: वस्तू काय, कोणत्या गावात मिळाली, मालकाचं नातं काय, कशावरून काय भरलंय, कोणत्या मिनिटाला काय ऐकू येतं, तारखेचा अंदाज आणि तो कशावरून. उदाहरणार्थ: 'साठ मिनिटांची कॅसेट, एरंडोल, ए बाजू, टीव्हीसमोर ठेवून भरलेला चित्रहार; बाराव्या मिनिटाला साबणाची जाहिरात, चौदाव्याला बाईंचा आवाज, सतराव्याला वीज गेली.' मूळ वस्तू मालकाला परत द्या, सोबत पेनड्राइव्हवर त्यांची प्रत. खासगी आवाज असलेला भाग त्यांना विचारल्याशिवाय कुणाला ऐकवू नका.

हक्कांचं थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क राहतो, प्रसारण करणाऱ्या संस्थेचा प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत करून ठेवणं वेगळं आणि यूट्यूबवर पूर्ण गाणं चढवणं वेगळं. नवख्याने आधी आठवणी, याद्या, स्वतः काढलेले फोटो आणि वर्णनं लोकांसमोर आणावीत; त्यात सहसा कुणाचा हक्क अडत नाही, घरच्यांची परवानगी मात्र लागते.

प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिन्ही उघडून, प्रत्येकातल्या दोन-तीन फाइली वाजवून बघा. आणि त्याच साफसफाईत शेजारीपाजारी सांगून ठेवा की जुन्या कॅसेटा भंगारात टाकण्याआधी एकदा तुम्हाला दाखवाव्यात.